म्हादूचा ओके रिपोर्ट

फौजेतल्या अठ्ठावीस वर्षांत माझी अकरा ठिकाणी पोस्टिंग झाली. बारावी पोस्टिंग स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, तिसऱ्या मजल्यावर, मुलाच्या घरी. हुकूम सुनेचा. माझी बायको गेल्यावर रेवती म्हणाली, बाबा, गावात एकटे राहू नका. तेव्हापासून मी वर्षातून दोनदा, नव्वद-नव्वद दिवसांसाठी इथे येतो. मुलगा अमोल मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. नात ईरा पाच वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघांचंही काही अडत नाही.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. इन्फंट्री. लोक म्हणतात माझा स्वभाव कडक आहे. खरं म्हणजे स्वभाव वाईट आहे, पण अंगावर युनिफॉर्म असला की त्याला कडक म्हणतात. युनिफॉर्म उतरवून आता वीस वर्षं होत आली. इथेही पाच वाजता उठतो, दाढी करतो, पांघरुणाची घडी घालतो. जिना झाडायची आमची पाळी आली की दारावर केरवोखेची पाटी लागते. त्या आठवड्यात जिना मी झाडतो, आणि वरच्या मजल्यावरचा म्हातारा, ज्याला कोणाचंच काम पसंत पडत नाही, तोही मान डोलावून जातो.

मला सांगायचं आहे ते म्हादूबद्दल. हवालदार महादेव सरगर, गाव जत तालुक्यात. माझ्या प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर. नऊ वर्षं तो पाठीवर सेट घेऊन माझ्यामागे तीन पावलांवर चालला.

ज्यांनी फौज पाहिलेली नाही त्यांना ओके रिपोर्ट माहीत नसेल. पोस्टवर असा किंवा गस्तीवर, ठरल्या वेळी रेडिओवर सांगायचं असतं की सगळं ठीक आहे. पोस्ट विचारते, "रिपोर्ट भेजो, ओव्हर." गस्त सांगते, "सब ओके, ओव्हर." एवढंच. वेळ चुकली तर काहीतरी बिघडलं असं धरतात आणि माणसं निघतात. म्हादूची वेळ कधी चुकली नाही. त्याच्या आवाजावरून हवामान कळायचं नाही, भूक कळायची नाही, काहीच कळायचं नाही.

आमची एक पोस्ट बरीच उंचावर होती. खाणं टिनचं. मटण टिनचं, मासे टिनचे, भाजीसुद्धा वाळवलेली. पाणी बर्फ वितळवून, म्हणजे प्यायला हात आखडता. वर रम आणि सिगरेट. म्हादू दिवसाला एक पाकीट ओढायचा. सिगरेटने भूक मरते, म्हणून लंगरमध्ये, म्हणजे आमच्या भटारखान्यात, ताजं काही आलंच तर तो ते दुसऱ्याला द्यायचा आणि स्वतः टिनमधलं दोन घास खाऊन उठायचा. एका सकाळी त्याच्या डाव्या पायाचा अंगठा सुजून लालभडक झाला. आमच्या नर्सिंग असिस्टंटने पाहून सांगितलं, साहेब, हा गाउट आहे, रक्तात युरिक ॲसिड वाढलंय. ह्याला दोन दिवस लाइट ड्युटी द्या.

त्या दिवशी आठ वाजता गस्त निघायची होती. दुसरा ऑपरेटर रजेवर होता. मी म्हादूला विचारलं, "सिक रिपोर्ट करतोस?" सगळी प्लाटून ऐकत होती. तो म्हणाला, "न्हाय साहेब." मी म्हणालो, "मग बूट घाल." बुटात अंगठा जाईना. मी त्याला बुटाचं टोक ब्लेडने कापून दिलं आणि त्यात मोजा कोंबायला सांगितलं. अकरा तास तो चालला. दर तासाला त्याने रिपोर्ट दिला, सब ओके. परत आल्यावर मोजा काढताना अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं.

ही गोष्ट मी पुढे किती ठिकाणी सांगितली त्याला गणती नाही. लग्नात सांगितली, शाळांमध्ये सांगितली, स्टुटगार्टच्या मराठी मंडळात पंधरा ऑगस्टला सांगितली. नखापाशी आलो की लोक हळहळायचे आणि मग टाळ्या वाजवायचे. मला ते आवडायचं. म्हादूला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये म्हादू स्वतः त्सुफेनहाउझेनला आला. त्याची मुलगी अश्विनी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला इथे नवी नोकरी लागली होती आणि माझ्याच सांगण्यावरून त्यांनी आमच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर घर घेतलं होतं. नवरा प्रसाद कामासाठी सोमवार ते गुरुवार ब्राउनश्वाइगला असतो. म्हादूची बायको जाऊन वर्ष झालं होतं. अश्विनी त्याला घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, बाबांकडे लक्ष ठेवाल ना? माझी प्रोबेझाइट, म्हणजे प्रोबेशन, जूनच्या शेवटी संपते. तोपर्यंत मला सुट्टी मागता येणार नाही. माझ्या जागेवरच्या आधीच्या मुलीला त्यांनी तिसऱ्या महिन्यात काढलं."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो.

म्हादू दारात सावधान उभा होता. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, डाव्या पायावर भार न टाकण्याची सवय. मी बस म्हटल्यावर बसला.

दुसऱ्या दिवसापासून आमचा ओके रिपोर्ट पुन्हा सुरू झाला. कल्पना माझी. सकाळी साडेसहाला अश्विनी कामाला निघाली की त्याने मला फोन करायचा. तो फोनवरही "सब ओके, साहेब" म्हणायचा आणि मी "रॉजर" म्हणायचो. रेवतीला हसू यायचं. मला वाटायचं, मी एका एकट्या माणसाची काळजी घेतोय.

तीन आठवड्यांत मला कळलं की तो काय खातो. अश्विनी सकाळी डबा करून ठेवायची. म्हादू तो न खाताच रिकामा करून ठेवायचा. हा गडी स्टेशनजवळच्या खाटकाकडे जाऊन पावात घातलेला लेबरकेझचा, म्हणजे भाजलेल्या खारट मांसाच्या वडीचा, जाड तुकडा घ्यायचा, उभ्या उभ्या खायचा, आणि प्लॅटफॉर्मवर सिगरेटसाठी पिवळी चौकट आखलेली आहे तिच्यात उभा राहून एकामागून एक तीन ओढायचा. चौकटीच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. संध्याकाळी मुलीला सांगायचा, जेवलो. मेच्या पहिल्या आठवड्यात अंगठा पुन्हा सुजला.

येताना त्याने सांगलीच्या लॅबचा रक्ताचा रिपोर्ट आणला होता. मी तो रेवतीला दाखवला. रेवती पुण्यात आहारतज्ज्ञ होती. इथे तिची पदवी मान्य व्हायची आहे, दोन वर्षं ती आनेरकेनुंगच्या कागदाची वाट बघते आहे. तिने रिपोर्ट दोनदा वाचला. युरिक ॲसिडचा आकडा जाड अक्षरात छापला होता.

ती म्हणाली, सिगरेट ओढणाऱ्यांचं बहुतेक असंच असतं, भाजी-फळं सुटतात, मांस आणि खारट तेवढं राहतं. खाणं हळूहळू चांगलं केलं तर हा आकडाही हळूहळू उतरतो. भाज्या, दही-दूध, भरपूर पाणी. सिगरेट तर सोडायचीच, पण डॉक्टरला दाखवून. आणि मग तिने मला बजावलं, "बाबा, एक करू नका. त्यांना उपाशी ठेवू नका. उपासाने युरिक ॲसिड उलट चढतं."

मी म्हणालो, "तुझे कागद अजून मान्य झालेले नाहीत ना?"

ती रिपोर्टची घडी घालून स्वयंपाकघरात गेली. तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

डॉक्टरचं म्हादूला विचारलं तर तो नको म्हणाला. अश्विनीला सोबत यावं लागेल, रजा पडेल, इन्शुरन्स जुनं दुखणं म्हणून हात वर करेल. प्रोबेझाइट संपेपर्यंत पाय टिकला पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. "पोरीच्या नोकरीवर माझं सावट नको साहेब," तो म्हणाला. सहा आठवडे उरले होते. मी म्हणालो, सहा आठवड्यांत तुला ठीक करतो. आणि मी त्याला हुकूम दिले.

हुकूम असे होते. मांस बंद. डाळ बंद. बाहेरचं बंद. सिगरेट त्या क्षणापासून शून्य. दोन वेळा तांदळाची पेज, एक वेळ उकडलेला बटाटा. आठवड्यातून दोन दिवस नुसतं लिंबूपाणी, कारण माझ्या मते पोट साफ झालं की रक्त साफ होतं. आणि रोज सकाळी आठला केल्टरप्लाट्झच्या चौकात फॉल-इन, तिथून सहा किलोमीटर चालणं. पाय दुखला तर? मी माझ्या गुडघ्यासाठी भारतातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या होत्या, दहा-दहाच्या पट्ट्या. त्यातल्या चार पट्ट्या त्याला दिल्या. दुखलं तर घे, पण चालणं थांबवायचं नाही.

तो म्हणाला, "व्हय साहेब."

त्याने सगळं पाळलं. फक्त सिगरेट त्याला सुटली नाही. ती तो उपाशी पोटी, चोरून ओढायचा. एकदा मी त्याला पिवळ्या चौकटीत पकडलं. प्लॅटफॉर्मवर कामाला जाणारी माणसं उभी होती. मी त्याला पाकीट खाली टाकायला लावलं आणि बुटाने चिरडायला लावलं, दुखऱ्या पायाने. म्हटलं, "तू नोकरीत असतास तर तुझी फीत उतरवली असती." त्याने "चुकलं साहेब" म्हणून ते पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, कागद वेगळ्या भागात आणि तंबाखू वेगळ्या. घरी येऊन मी हा प्रसंग अमोलला हसत हसत सांगितला. अमोल हसला नाही.

महिन्याभरात म्हादूचे गाल आत गेले. कमरेचा पट्टा दोन भोकं आत आला. सूज मात्र उतरली नाही, उलट दुसऱ्या पायाच्या घोट्यातही आली. मी गोळ्यांच्या आणखी तीन पट्ट्या दिल्या. रोज किती घेतोस हे मी विचारलं नाही. तो रोज साडेसहाला ओके म्हणत होता, आणि माझ्या लेखी ओके म्हणजे ओके.

जूनचा तिसरा गुरुवार. साडेसहाला फोन वाजला.

"सब ओके, साहेब."

"रॉजर."

तो फोन ठेवेना. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "साहेब, आज चालणं माफ हुईल का?"

"सिक रिपोर्ट करतोस?"

नऊ वर्षांत त्याने ह्या प्रश्नाला एकदाही हो म्हटलं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. तो म्हणाला, "न्हाय साहेब."

"मग आठला फॉल-इन."

आठला तो केल्टरप्लाट्झला हजर होता. चेहरा राखेच्या रंगाचा. मी पाहिलं. पाहिलं नाही असं लिहिणं सोपं होतं, पण मी पाहिलं. आम्ही निघालो. आठ वीसला तो एका झाडाला धरून वाकला आणि ओकला. ओकारी काळी होती, चहाच्या चोथ्यासारखी. मी म्हणालो, ॲसिडिटी आहे, पेज गिळताना घाई करतोस. त्याने रुमालाने तोंड पुसलं, मग त्याच रुमालाने फुटपाथ पुसायला लागला. मी म्हणालो, चल.

आठ चाळीसला तो बसस्टॉपच्या बाकावर बसला. न सांगता बसला, असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. दोन्ही हात पोटावर दाबलेले. पोट लाकडासारखं कडक झालं होतं हे मला नंतर डॉक्टरकडून कळलं, मी हात लावून पाहिलं नव्हतं. बसची वाट बघणारी एक बाई जवळ आली. साठीची असेल, हातात भाजीची पिशवी. वाकून म्हणाली, "हालो? गेट्स इनेन गूट?" बरं आहे ना, असं ती विचारत होती.

म्हादूने हात वर केला. "ओके," तो म्हणाला. "ओके, ओके."

त्या बाईने पिशवी खाली ठेवली आणि एकशे बारा नंबर लावला. त्याच्याकडे एकदा बघून तिला जे कळलं ते मला साडेसहापासून कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ती त्याचा हात धरून बसली. मी बाजूला उभा होतो. रुग्णवाहिका आठ एकावन्नला आली.

हॉस्पिटलमध्ये रेवती टॅक्सीने पोचली, कारण जर्मन बोलणारं कोणीतरी हवं होतं. तरुण डॉक्टर घाईत होता. रेवतीने मला विचारलं, "बाबा, ते विचारताहेत, अंकल कुठल्या गोळ्या घेत होते का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे वळून तसं सांगितलं. दहा मिनिटांनी नर्सने म्हादूच्या पँटच्या खिशातून दोन रिकाम्या पट्ट्या आणून दाखवल्या, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं. म्हणजे माझ्या खोट्याने उपचारांची दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी कोणालाही विचारलेलं नाही. उपाशी पोट, सिगरेट आणि त्या गोळ्या, तिन्ही मिळून त्याच्या जठराला भोक पडलं होतं, आणि आत रक्त वाहत होतं. ऑपरेशनच्या टेबलावर, दुपारी एक पन्नासला तो गेला.

अश्विनी अकराला आली होती. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं. एक पन्नासनंतर तिने त्या रिकाम्या पट्ट्या हातात घेतल्या. म्हणाली, "काका, ते ह्या गोळ्या खात होते आणि मला पत्ताच नाही. माझ्याच घरात. मी सकाळी जायचे आणि रात्री यायचे. डबा रिकामा दिसायचा. मी कधी त्यांच्या ताटाशी बसले नाही."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "घरात कोणीतरी लक्ष द्यायला हवं होतं."

तिने मान खाली घातली. मी एवढा हलकट माणूस आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावरही मी शब्द परत घेतला नाही.

मंडळाने शोकसभा ठेवली. मला बोलायला सांगितलं. मी गस्तीची गोष्ट सांगितली, अकरा तास, कापलेला बूट, नख. म्हणालो, असा शूर सैनिक पुन्हा होणे नाही. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती म्हणून लोक उभे राहिले. अश्विनी पहिल्या रांगेत होती. ती बसूनच राहिली, आणि सगळ्यांना वाटलं दुःखामुळे.

जूनच्या शेवटी तिची प्रोबेझाइट पूर्ण झाली. त्यांनी तिला कायम केलं. तिने मला फोन करून सांगितलं आणि म्हणाली, बाबांना हेच हवं होतं ना. मग रडायला लागली. म्हणाली, मीच त्यांना मारलं काका, नोकरीपायी. मी फोन कानाला धरून ऐकत होतो. त्यानंतर मी भारतात परतलो, तिथले महिने काढले, पुन्हा इथे आलो. ती अजून तेच म्हणत होती. प्रसादने रेवतीला सांगितलं की अश्विनी आता धड जेवत नाही, रात्रीचा डबा समोर ठेवून नुसती बसते.

रेवतीने माझ्या पिशवीतल्या गोळ्या आणि म्हादूच्या खिशातल्या पट्ट्या एकाच कंपनीच्या आहेत हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती दहा महिने गप्प राहिली. प्रसादचा निरोप सांगताना ती म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?" मी म्हणालो, मी लिहून देतो. फौजेत चूक झाली की लेखी द्यावी लागते. मी चार दिवस बसून इथपर्यंतचं सगळं लिहिलं.

मागच्या रविवारी अकरा वाजता मी अश्विनीच्या घरी गेलो. बसलो नाही. उभं राहून वाचलं. ती खुर्चीत होती, हात मांडीवर. मध्ये एकदाच तिने थांबवलं.

"चालणं माफ करा म्हणाले होते?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. तिने पुढे वाचा अशी खूण केली. शेवटचा कागद संपला तेव्हा मला वाटलं, ती ओरडेल, नाहीतर बाहेर काढेल. माझी दोन्हींची तयारी होती. ती उठली, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मग म्हणाली, "हे छापा तुम्ही, सभेला आलेल्यांनाही वाचू द्या. पण त्यात त्यांना शूर म्हणू नका."

मी विचारलं, का.

"कारण ते शूर नव्हते काका. त्या गस्तीची गोष्ट मला आईने सांगितली होती. तुमचा फोन यायचा तेव्हा ते गावीसुद्धा उभे राहून बोलायचे. ते तुम्हाला घाबरायचे. शेवटपर्यंत."

तिने दार उघडलं. मी जिना उतरलो.

आमच्या पलटणीत जे कामी आले त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, आणि दरवर्षी तिथे फुलं वाहतात. म्हादूचं नाव तिथे येणार नाही. म्हणून इथे लिहितो, आणि अश्विनीने सांगितलं तसंच लिहितो. हवालदार महादेव सरगर, रेडिओ ऑपरेटर, वय अठ्ठावन्न. तो मला घाबरायचा, आणि ते मला नऊ वर्षं माहीत होतं.